हिरव्या पट्ट्याची लेव्ही



हिंगणा तालुक्यातल्या एका गावी पारावर बैठक चालली होती. महानगराच्या विकास आराखड्याचा नकाशा मी खाटेवर पसरला होता आणि कुठला रंग कशाचा ते सांगत होतो. पिवळा वस्तीसाठी, जांभळा कारखान्यांसाठी, निळा व्यापारासाठी आणि उरलेला सगळा हिरवा. एक म्हातारे कास्तकार बराच वेळ नकाशात आपला गट नंबर शोधत होते. सापडल्यावर त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "साहेब, आपलं वावर हिरव्यात आलं म्हणता. म्हणजे आता कॅनॉलचं पाणी येणार का?"

लोक हसले. मला हसू आलं नाही. पन्नास वर्षं जो माणूस कोरडवाहू वावरात पऱ्हाटी आणि ज्वारी काढतो, त्याच्या लेखी हिरव्या रंगाचा अर्थ एकच असू शकतो, तो म्हणजे ओलीत. सरकारने नकाशावर माझं वावर हिरवं रंगवलं तर त्याला हिरवं ठेवायची काही तजवीजही केली असेल, असं त्यांना वाटलं. यात चुकलं कुठे? मला त्यांना सांगावं लागलं की बाबा, पाणी येणार नाही, भाव येणार नाही, पांदण रस्ताही येईलच असं नाही. हिरव्याचा अर्थ इतकाच की तुमच्या वावरात प्लॉट पाडता येणार नाहीत. धुऱ्याच्या पलीकडे तुमच्या भावकीतल्या माणसाची जमीन पिवळ्यात गेली आहे. त्याच्याकडे भाव चौरस फुटाने होतो, तुमच्याकडे एकराने.

त्यावर ते काही बोलले नाहीत. नकाशाची घडी करायला मात्र त्यांनी मला मदत केली.

या आराखड्याबद्दल लिहिण्याचं कारण, तो एकट्या हिंगण्याचा प्रश्न नाही. नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१७ साली झालं. जानेवारी २०१८ मध्ये त्याच्या आराखड्याला सरकारची मंजुरी मिळाली. नागपूर ग्रामीण, हिंगणा, कामठी, कळमेश्वर, सावनेर, पारशिवनी, मौदा, उमरेड, कुही या तालुक्यांतली ७०० हून अधिक गावं आणि सुमारे साडेतीन हजार चौरस किलोमीटर जमीन त्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्याच टापूत आणखी दोन गोष्टींना मान्यता दिली. हिंगणा तालुक्यातल्या गोधनी (रिठी) आणि लाडगाव (रिठी) इथे सुमारे ६९२ हेक्टरवर 'नवीन नागपूर' नावाचं व्यापारी केंद्र, आणि शहराला वळसा घालणारा १४८ किलोमीटरचा बाह्य वळण रस्ता. पुण्याचं प्राधिकरण २०१५ चं. त्याचा प्रारूप आराखडा २०२१ ला आला आणि २०२५ मध्ये सरकारने तो रद्दच करायचं ठरवलं. दहा वर्षं तिथल्या शेतकऱ्याने जमीन विकायची की विहीर खोदायची, हेही न ठरवता काढली. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, त्याच्या कडेला नवनगरं आखलेली आहेत. म्हणजे वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना, सगळीकडे खाटेवर नकाशा पसरायची पाळी येणार आहे. ज्याची जमीन संपादनात जाते त्याच्याशी निदान कोणीतरी बोलायला येतं. २०१३ च्या कायद्याने काही हक्क दिले आहेत, मोबदल्यावरून भांडता येतं, कोर्टात जाता येतं. ज्याची जमीन हिरव्यात जाते त्याच्याकडे कोणीच येत नाही. त्याचं काही घेतलंच नाही, असं समजलं जातं. माझं सगळं म्हणणं या 'काही घेतलंच नाही' बद्दल आहे.

नियोजनकार मंडळी हिरव्या पट्ट्याला 'शाश्वत विकास' म्हणतात. (आमच्या घरात शाश्वत असं काही असेल तर ते सोसायटीचं कर्ज. पण ते असो.) त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. शहराभोवती मोकळी जमीन हवी हे शेतीचं शास्त्र शिकलेला कोणीही मान्य करील. थोडा हिशेब मांडू. मीटरभर खोलीची आपली काळी जमीन पावसाचं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पोटात धरून ठेवते. कमीतला आकडा धरा. एका एकराला दीडशे मिलिमीटर म्हणजे सहा लाख लिटर. दहा हजार लिटरचे साठ टँकर. एका एकरात साठ टँकर पाणी जागच्या जागी थांबतं, ना पाइप, ना पंप, ना ठेकेदार. बरड, मुरमाड जमिनीत याच्या निम्मंही थांबत नाही हे खरं, पण तिथे ते खाली मुरून विहिरींना लागतं. आडवी पेरणी केली, धुरे राखले, उताराला सऱ्या काढल्या तर यात आणखी भर पडते. तेच वावर प्लॉट पाडून सिमेंटखाली गेलं की त्यावर पडलेला बहुतेक पाऊस तासाभरात नाल्यात.

हे नागपूरकरांना २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे कळलं. काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरात शिरली, माणसं दगावली. नाग नदी शहराच्या पश्चिमेला लाव्ह्याच्या टेकड्यांकडून उगम पावते. तिकडच्या ज्या वावरांत पाऊस जिरायचा तिथे आता गोदामं आणि लेआऊट आहेत. पुराचं हे एकच कारण नव्हे, नाल्यांवरची अतिक्रमणं आणि तलावाच्या सांडव्याखालची बांधकामं होतीच. पण वरच्या अंगाचं वावर गेलं की खालच्या अंगाच्या घरात पाणी येतं, हे समजायला पदवी लागत नाही. धुरा फुटला की शेजाऱ्याशी भांडण होतं ते याच कारणाने.

तेव्हा शहराला आमचं वावर वावर म्हणूनच हवं आहे. पूर अडायला हवं, भूजल भरायला हवं, उन्हाळ्यात हवा थोडी थंड राहायला हवं, रविवारी गाडी काढून हुरडा खायला यायलाही हवं. हव्या असलेल्या वस्तूला बाजारात किंमत असते. इथे किंमत शून्य आहे, आणि ती शून्य राहावी म्हणूनच नकाशाला रंग दिलेला आहे.

जुन्या लोकांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल. ज्वारीची लेव्ही आठवते? शहराला स्वस्त धान्य हवं म्हणून एकरी इतकी ज्वारी सरकारच्या भावाने घाला, आणि जिल्ह्याबाहेर पोतं न्याल तर चोर ठराल. कापसाची एकाधिकार खरेदी आठवते? १९७२ पासून जवळपास तीस वर्षं, शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी कापसाची गाडी सीमेपलीकडे नेणं गुन्हा होता. त्या सीमेवर गाड्या अडवल्या गेल्या, शेतकऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या, तेव्हा कुठे ती बंदी सैल झाली. हिरवा पट्टा ही त्याच घराण्यातली तिसरी पिढी. फरक इतकाच की पूर्वी माल अडवत, आता माल पिकवणारी जमीनच अडवून धरली आहे. लेव्हीत निदान काहीतरी भाव मिळे. या लेव्हीत पावतीसुद्धा नाही.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याला शेतीच करायची असेल तर हिरव्याने त्याचं काय बिघडलं? बिघडतं, कारण कोरडवाहू शेतीत जमिनीची किंमत हीच शेवटची पुंजी असते. पिकाचं तर काय सांगावं! २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला आणि १९ ऑगस्ट २०२५ पासून वर्षअखेरपर्यंत केंद्राने परदेशी कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढून टाकलं. नेमका आपला कापूस घरात यायच्या दिवसांत. दुखणं निघालं, पोरीचं लग्न निघालं, पोराला शिकायला पाठवायचं झालं की एखादा एकर विकूनच ते होतं. त्या एकराची किंमत कागदावरच्या रंगाने कोणी उतरवली, तर त्याने माझ्या पेटीतले पैसे काढून नेले असंच मी म्हणेन.

हा पट्टा हिरवा तरी राहतो का? हिरव्यात अडकतो तो फक्त नियम पाळणारा. नियम न पाळणाऱ्याचं काय होतं ते नागपुरात '५७२' आणि '१९००' हे लेआऊटचे आकडे ज्याला कळतात त्याला विचारा. दलाल येतो, इसारचिठ्ठी करतो, दहा टक्के हातावर ठेवतो, मुरमाचे रस्ते ओढतो आणि शहरातल्या गरीब माणसाला प्लॉट विकून मोकळा होतो. तिथे ना नाली, ना नळ. मग मतदार वाढतात आणि गुंठेवारीचा कायदा येतो. तो २००१ साली आला तेव्हा १ जानेवारी २००१ पर्यंतचे प्लॉट नियमित होणार होते. २०२१ साली दुरुस्ती करून ती तारीख ३१ डिसेंबर २०२० वर आणली. ज्याने कर्ज काढून प्लॉट घेतला त्या कुटुंबाचं घर पाडा, असं मी कधीच म्हणणार नाही. पण शेतकऱ्याला यातून शिकवण काय मिळाली? नियम मोडून दलालाला मातीमोलाने विकलं असतं तर चार पैसे आले असते, नियम पाळला म्हणून हात रिकामा. आणि ज्याचं वजन आहे त्याला नियम मोडावाही लागत नाही. नगररचनेच्या कायद्यात कलम ३७ आहे, किरकोळ फेरबदलाचं. त्याची वाट ज्याला सापडते त्याच्या वावराचा रंग एका सकाळी बदललेला असतो.

फुकटचं हिरवं टिकत नाही, याचं मोठं उदाहरण शेजारच्या हैदराबादेत आहे. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर तिथे उस्मानसागर आणि हिमायतसागर ही दोन धरणं निजामाच्या काळात झाली. त्यांचं पाणी शुद्ध राहावं म्हणून १९९६ साली १११ नंबरचा सरकारी आदेश निघाला. धरणांच्या दहा किलोमीटरच्या टापूतल्या ८४ गावांत मोठी बांधकामं बंद. उद्देश चांगला होता. पण गावांना त्याबद्दल काय दिलं? काही नाही. शहर वाढत वाढत त्या गावांच्या शिवेला भिडलं, पलीकडचा शेतकरी कोट्यधीश झाला आणि ८४ गावांतला तिथेच राहिला. बड्यांचे फार्महाऊस आणि बंगले मात्र या ना त्या वाटेने उभे राहिले. साहजिकच 'आदेश उठवा' ही गावांचीच मागणी झाली. निवडणुकांत आश्वासनं दिली गेली आणि एप्रिल २०२२ मध्ये तेलंगण सरकारने ती बंधनं उठवणारा आदेश काढला. पर्यावरणवादी कोर्टात गेले. मला त्यांचा राग येत नाही, पण एक विचारावंसं वाटतं. ती सव्वीस वर्षं ८४ गावांनी शहराचं पाणी राखलं, तेव्हा एकरी शंभर रुपये तरी द्या म्हणून तुमच्यापैकी कोणी कोर्टात गेलं होतं का?

दुसरी तऱ्हाही जगात आहे. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहराला बहुतेक पाणी दूरच्या कॅटस्किल डोंगरातून आणि डेलावेअर नदीच्या खोऱ्यातून येतं. तिथले शेतकरी मुख्यतः दुधाचा धंदा करणारे. १९९० च्या सुमाराला शहरापुढे प्रश्न आला की पाणी गाळायचा अवाढव्य कारखाना बांधा, त्याला अब्जावधी डॉलर लागणार, नाहीतर पाणी मुळातच स्वच्छ येईल असं करा. शहराने आधी तेच केलं जे सगळी शहरं करतात. शेतकऱ्यांवर नियम लादायचा मसुदा काढला. ओढ्यापासून इतक्या अंतरात शेण टाकू नका, तितक्या अंतरात गुरं नेऊ नका. शेतकरी उठले. सभा झाल्या, धंदा बसेल म्हणून त्यांनी ठणकावलं. शहराला टेबलावर यावं लागलं. मग ठरलं ते असं की शेतकऱ्याने स्वखुशीने यायचं, त्याच्या शेताची योजना त्याला विचारून करायची, आणि शेणखड्डे, कुंपणं, गोठ्यांची दुरुस्ती, ओढ्याकाठची झाडी, सगळा खर्च शहराने करायचा. १९९७ च्या करारात शहराने आणखी मान्य केलं की मोकळी ठेवायला जमीन हवी असेल तर ती विकायला राजी असणाऱ्याकडूनच आणि बाजारभावानेच घेऊ. काहींनी जमीन विकली नाही, फक्त 'बांधकाम करणार नाही' एवढा हक्क विकला आणि शेती चालू ठेवली. गाळण्याच्या कारखान्यापेक्षा हे सगळं शहराला कितीतरी स्वस्त पडलं. ही काही शहराची दानत नव्हती. शेतकऱ्याने नाही म्हटलं आणि शहराने हिशेब केला, एवढंच घडलं.

आपल्याकडे हा हिशेब अगदीच होत नाही असं नाही. नागपूर महापालिका भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला देते आणि महानिर्मिती कंपनी त्याचे पैसे मोजते. चांगली योजना आहे, ते पाणी नाहीतर नाग नदीतून कन्हान, वैनगंगा करत गोसीखुर्दला जाऊन साचतं. पण पाहा, शहराच्या सांडपाण्याला भाव आहे आणि आमच्या वावरात जिरणाऱ्या पावसाला नाही. पुण्यात १९९७ साली हद्दीत आलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टरला जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं. बांधकाम करू द्यायचं नाही, त्याबद्दल आठ टक्के टीडीआर द्यायचा, असं ठरलं. तत्त्व मान्य झालं, भाव मात्र लेव्हीचा.

आता आपल्यातल्या काहींचं म्हणणं. ते म्हणतात, कशाला एवढा घोळ, हिरवा रंगच पुसून टाका, जमीन मोकळी करा, बाजार काय ते ठरवील. चळवळीत वाढलेल्या माणसाला हे गोड वाटतं आणि तत्त्व म्हणून मलाही ते मान्य आहे. पण बैठकीत भाबडेपणा नको. पिवळ्याला आज जो भाव आहे तो आजूबाजूला हिरवं आहे म्हणूनच आहे. साडेतीन हजार चौरस किलोमीटर एका दिवसात पिवळं झालं तर रस्त्याकाठच्या शंभर जणांचं भलं होईल, आतल्या हजारोंच्या वावराला गिऱ्हाईक मिळणार नाही. मिळेल तो दलाल, इसारचिठ्ठी घेऊन. शिवाय ज्याला शेती करायची आहे त्याच्या चारही अंगांनी प्लॉट पडले की गुरं चारायची कुठे, फवारा मारायचा कसा, रानडुकरं कुठे वळणार, हे प्रश्न त्याच्या एकट्याच्या डोक्यावर येतात. म्हणून माझी मागणी रंग पुसण्याची नाही, रंगाची किंमत मोजण्याची आहे.

प्राधिकरण लेआऊटवाल्याकडून विकास शुल्क घेतं. पिवळ्या जमिनीची किंमत वाढते ती हिरव्या जमिनीची अडवून ठेवल्यामुळे. तेव्हा त्या शुल्कातला ठराविक हिस्सा हिरव्यातल्या शेतकऱ्याला दरवर्षी एकरी मोबदला म्हणून त्याच्या खात्यात जमा झाला पाहिजे. करार लेखी हवा, मुदतीचा हवा, महागाईबरोबर वाढणारा हवा. मुदत संपली की शेतकऱ्याला पुढे राहायचं की नाही हे ठरवायची मुभा हवी. दोन वर्षं पैसे थकले तर बंधन आपोआप गळालं पाहिजे. आरक्षणाच्या बाबतीत कायद्याने हे तत्त्व कधीच मान्य केलं आहे. कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जमीन घेतली नाही आणि मालकाने नोटीस दिल्यावर २४ महिन्यांतही काही हालचाल केली नाही, तर आरक्षण रद्द होतं. बगिच्याच्या आरक्षणाला मुदत आहे, आमच्या हिरव्याला मात्र मुदतच नाही. प्राधिकरण म्हणेल, पैसा नाही. मग हिरवा तेवढाच रंगवा जेवढा परवडतो. पैसे मोजावे लागले म्हणजे कुठला नाला, कुठलं पाणलोट खरोखर राखायला हवं हे नियोजनकार स्वतःच शोधतील, आणि सगळ्या उरलेल्या कागदावर हिरवी शाई ओतायची सवय जाईल.

ज्या जिल्ह्यांत नवे आराखडे येऊ घातले आहेत तिथल्या कार्यकर्त्यांसाठी दोन-चार गोष्टी. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतीला फक्त ३० दिवस असतात. नेमके ते पेरणीचे किंवा वेचणीचे निघाले तर कोणाला सवड नसते, म्हणून गावनकाशा, गट नंबर आणि सातबारे आधीच गोळा करून ठेवा. हरकत एकट्याची देऊ नका. गावाची एकत्र द्या, आणि नुसतं 'आमचा विरोध आहे' असं लिहू नका. आमच्या शिवारात इतके एकर, इतक्या विहिरी, हे नाले, इतकं पाणी जिरतं, त्याचा मोबदला काय देणार, असं लिहा. पाण्याचा हिशेब वर दिलाच आहे, जमिनीची खोली विहिरीच्या खोदाईवरून गावातलं कोणीही सांगेल. लक्ष्मीमुक्तीत ज्या बहिणींच्या नावे जमीन झाली त्यांच्या सह्या वेगळ्या घ्या. इसारचिठ्ठीवर अंगठा मागताना त्यांना कोणी विचारत नाही, निदान हरकतीवर तरी त्यांचं नाव येऊ द्या. आणि सुनावणीचा निकाल लागेपर्यंत कोणीही इसार घेऊ नये, एवढा ठराव ग्रामसभेत करता आला तर करा. आला नाही तर कोण घेतो आहे याची माहिती तरी ठेवा.

पुढच्या जिल्हा बैठकीत हा विषय कापसाच्या भावानंतर घेतला आहे. हिंगण्याचे ते बाबा येतो म्हणाले आहेत. नकाशाची एक प्रत त्यांनी मागून घेतली आहे आणि आपल्या वावराभोवती पेनाने गोल करून ठेवला आहे.